तलाव दिसणारे प्लॉट

२२ एप्रिल, अक्षय्य तृतीया

आजपासून मी उद्योजक. असं बद्रीनाथ म्हणतो. बद्रीनाथ म्हणजे माझा मेव्हणा, आशाचा धाकटा भाऊ. याआधी त्यानं शेळ्या पाळल्या, कोरफड लावली, आणि काळ्या कोंबड्या आणल्या. शेळ्या मेल्या, कोरफड कुणी विचारली नाही, कोंबड्या आम्हीच खाल्ल्या. पण माणूस हिंमतीचा. माझ्यासारखा नाही. मी बत्तीस वर्षं आठवीच्या पोरांना भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यापासून शहरात, गारखेड्याच्या घरात सकाळी पेपर वाचतो, दुपारी तोच पेपर पुन्हा वाचतो. आशा म्हणते, "अहो, कुठंतरी जात जा हो माणसानं." तर आता जातोय.

देवगाव रंगारीच्या पुढं आमचं गाव, हिवरखेडी. गावच्या तलावाच्या वरच्या अंगाला आमचा वाडवडिलांचा माळ आहे. सगळा उतार, कुसळाशिवाय काही पिकत नाही. त्याचे प्लॉट पाडायचे. शहरातल्या माणसाला हल्ली फार्म हाउस लागतं आणि फार्म हाउसच्या ओट्यावर बसलं की समोर पाणी लागतं. आमच्या माळावरून तलाव सबंध दिसतो. योजनेचं नाव 'सरोवर दर्शन', ते मीच दिलं. पत्रकावर बद्रीनं कुठला तरी तलावाचा फोटो टाकलाय, त्यात हंस आहेत. म्हणलं, अरे, आपल्या तलावात म्हशी असतात. तर म्हणतो, "दाजी, गिऱ्हाईक यायच्या टायमाला म्हशी हाकलू."

नारळ सारजाआक्काच्या हातानं फोडला. आक्का माझी थोरली बहीण, गावातच दिलेली. माळावरचा हिस्सा तिनं मागंच हसत हसत सोडून दिला होता. "भावाकडनं काय वाटून घ्यायचं," म्हणाली होती. तिची मोसंबीची बाग तलावाच्या खाली आहे. नवरा गेला, पोरगं वाळूजला कंपनीत लागलं, तेव्हापासून बाग एकटी सांभाळते. पोरगी झाली नाही म्हणून झाडांनाच पोरी म्हणते. नारळ फोडून तिनं मला विचारलं, "आप्पा, एवढा माळ उकरायला लागलाय, तलावाला काय व्हायचं नाय ना?"

म्हणलं, "तलावाला काय होणार, आक्का? तलाव खाली आहे, आपण वर आहोत."

९ मे

जेसीबी चालू. माळ एकदम गुळगुळीत केला, न्हाव्यानं सुट्टीच्या दिवशी निवांत दाढी करावी तसा. गवत गेलं, बोरीबाभळी गेल्या, वरचा मुरूम बद्रीनं रस्त्याच्या कामावर विकला. म्हणजे माळ विकायच्या आधी माळाची कातडी विकली. पोरगं हुशार आहे, उगाच नावं ठेवतात लोक.

केरबा धनगर आला. त्याच्या बापापासून त्यांची मेंढरं ह्या माळावर चरतात. काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तर, गवत कुठं ठिवलं?"

"काढलं."

"मंग मेंढरांनी काय पत्रक खायाचं का?"

मेंढरं पत्रक खातात, हे संध्याकाळी कळलं. पन्नासेक प्रती गेल्या. तारेचं कुंपण घालायला सांगितलं.

११ जून

आज नाक कापलं गेलं. पहिलंच गिऱ्हाईक, सिडकोतले नवराबायको, गाडी घेऊन आलेले. काल वळीव जोरात झाला होता. माळावरचा सगळा गाळ वाहून खालच्या प्लॉटांत. बाई मोठ्या कौतुकानं आपल्या प्लॉटात उतरल्या. पाय वर आला, चप्पल आली नाही. बद्रीनं हात घालून चप्पल काढली, ती दुसऱ्याच कुणाची तरी होती. बाई म्हणाल्या, "सरोवर कुठंय, हेच का?"

बद्री संध्याकाळी डोक्याला हात लावून बसला. म्हणलं, बाळा, तुझे दाजी बत्तीस वर्षं भूगोल शिकवत होते ते काय झक मारायला? पाणी उतारावरून वाहतं. त्याला वाट दिली की ते वाटेनं जातं. प्लॉटाच्या वरच्या अंगाला आपला रस्ता आहेच. त्याच्या कडेनं सबंध माळभर एक चर काढायचा, चांगला कमरेएवढा. वरून ओढ्यानं, ओघळांनी आलेलं पाणी चरात पडेल, प्लॉटात येणारच नाही. तिथून सरळ खिंडीत काढून द्यायचं. पलीकडं बोरगव्हाणची शीव लागते. तिथं पुढं त्याचं काय व्हायचं ते होवो.

बद्री माझ्या पायाच पडला. घरच्या माणसानं पाया पडावं असं काही मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

२६ जून

चर पूर्ण. उतार मी स्वतः पाणसळ लावून धरला. खिंडीत जरा खोल खणावं लागलं, दगड लागला, पण जेसीबीवाला जिद्दीचा. काल पाऊस झाला आणि आज मुद्दाम बघायला गेलो. आहाहा! माळभरचं पाणी शिस्तीत, रांगेनं, एकामागं एक खिंडीकडं चाललेलं. शाळेत पोरांना प्रार्थनेला असं कधी उभं करता आलं नाही. प्लॉट कोरडे ठाक. चार गिऱ्हाइकांनी बयाणा दिला.

चराच्या काठावर उभा राहून फोटो काढला आणि 'जलनियोजन' असं लिहून ग्रुपवर टाकला. माजी विद्यार्थ्यांनी अंगठे पाठवले.

२३ जुलै

पाऊस चांगला चाललाय. कन्नडकडं नाले भरून वाहतात, एसटी दोनदा अडकली म्हणे. आमचा तलाव मात्र गाळानं लाल आणि गुडघाभर. मधे चिखलाचं एक बेट वर आलंय, त्यावर म्हशी बसतात. बद्री म्हणाला, "दाजी, बेट आपल्याला पत्रकात घेता येईल."

आक्काचा फोन. "आप्पा, सांडव्याला पाणी लागंना रे. दरसाली ह्या दिसांत माझ्या हिरीला पाझर फुटतो. औंदा हिरीत वाकून बघितलं तर माझंच तोंड दिसंना." मी म्हणलं, आक्का, पाऊस सारखा नसतो, स्थानिक वितरण असतं. ती म्हणाली, "तुझं वितरण राहू दे, तू येऊन बघ."

गेलो नाही. साइटवर दोन गिऱ्हाइकं होती.

१३ ऑगस्ट

पाऊस दडी मारून बसलाय. गावात तलावावर चावडी भरली होती. एक म्हणाला बांध बहात्तरच्या दुष्काळात बांधलेला, आता फुटतोय. दुसरा म्हणाला खाली बोअर लई झाले, ते पाणी ओढतात. केरबा म्हणाला म्हसोबाला बोकड दिला नाही, कोप झाला. मी गाळाबद्दल बोललो. गाळामुळं साठवणक्षमता कशी कमी होते ते फळ्याशिवाय समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. गाळ कुठून आला असं कुणी विचारलं नाही, मीही तो विषय काढला नाही.

केरबानं मेंढरं बोरगव्हाणला नेली. म्हणतो, तिकडं तळं तुडुंब आहे. बोरगव्हाणचं तळं! माझ्या लहानपणापासून त्या तळ्यात लोक क्रिकेट खेळायचे. ज्याचं त्याचं नशीब. कुत्र्याला खीर मिळते आणि पाहुणा उपाशी जातो.

३० ऑगस्ट, राखी

आक्काकडं गेलो. तिनं औक्षण केलं, पुरणपोळी केली, पाटावर बसवून पदरानं वारा घातला. पण हात धुवायला दिलेलं पाणी तांब्यात नाही, वाटीत. बागेत नेलं. पानं आत वळलीत, फळं लिंबाएवढी होऊन थांबलीत, बुंध्याशी गळलेल्या मोसंब्यांचा सडा. आक्का एकेक उचलून पदरात टाकत होती. मग म्हणाली, "ह्या ओळीची फळं तुझ्या घरी येत्यात दरसाली. औंदा नाय धाडणार." तिचा आवाज असा बसलेला मी फक्त तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला ऐकला होता. मला गलबलून आलं.

म्हणलं, आक्का, ओवाळणी म्हणून ह्या राखीला तुला बोअर मारून देतो. तिनं दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली आणि बोटं कानशिलावर मोडली. म्हणाली, "तू हायेस म्हणून बरं हाय रे आप्पा."

मला फार बरं वाटलं. भाऊ असावा तर असा, असं परतताना गाडीत वाटत होतं.

५ सप्टेंबर, शिक्षक दिन

बोअर मारला. बद्रीनं एक पाणाडी आणला होता, हातावर नारळ ठेवून चालणारा. तो बागेत चालला, नारळ ताठ उभा राहिला, पाणाडी थरथरला, म्हणाला, "इथं गंगा हाय." गाडी लावली. दिवसभर धूर, घरघर, आणि पांढरी भुकटी. भुकटी इतकी उडाली की संध्याकाळी मी, आक्का, बद्री आणि मोसंबीची झाडं, सगळी पिठात घोळलेली दिसत होतो. पाणी नाही. पाणाडी म्हणाला, "गंगा हाय, पण खाली सरकली." नारळ मात्र घेऊन गेला.

सकाळपासून विद्यार्थ्यांचे फोन. "सर, तुम्ही शिकवलेलं अजून लक्षात आहे." म्हणलं, काय लक्षात आहे? एकानं पाणलोट क्षेत्राची व्याख्या म्हणून दाखवली. मी शाबास म्हणालो आणि डोळ्यांतली भुकटी चोळत बसलो.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, त्यात रविवार. बद्रीनं सगळ्या बयाणेवाल्यांना बायकापोरांसह बोलावलं. पत्रकात छापलेलं, 'तलावाची ओटी भरण्याचा पारंपरिक सोहळा'. सोहळा खरा आहे. तलाव सांडव्यावरून वाहिला की त्याची खणानारळानं ओटी भरतात आणि हा मान आमच्या घरच्या लेकीचा. आधी आई करायची, ती गेल्यावर आक्का. पण तलाव वाहायला हवा ना. तलावात म्हशीला लोळायला चिखल आहे फक्त.

बद्री म्हणाला, "दाजी, टेन्शन नाय." सकाळी टँकरच टँकर. बांधाजवळ खड्डा करून त्यात ताडपत्री अंथरली आणि पाणी सोडलं. तलावात टँकरनं पाणी टाकणारे आम्ही जगातले पहिले असू. टँकर कुठून आणले? बोरगव्हाणच्या तळ्यातून. त्यांना लई झालंय म्हणे, देऊन राहिले.

आक्का नऊवारी नेसून, ताटात खण-नारळ घेऊन आली. टँकरचा पाइप बघितला. ताडपत्री बघितली. मला म्हणाली, "आप्पा, हे काय रं?"

म्हणलं, "आक्का, पाहुणे येतील अकराला. तेवढी ओटी भर."

"ह्या डबक्याची? अरे, एवढं पाणी हाय तर माझ्या हिरीत सोड की! ओटी काय पळून चालली का?"

बद्री मधे पडला, "आक्का, फक्त फोटोपुरतं."

ती ताट घेऊन तशीच परत गेली. ओटी शेवटी आशानं भरली. आशाचं तोंड फोटोत असं आलंय की गिऱ्हाईक म्हणालं, "ताईंना बरं नाही का?" घरी आल्यावर आशानं माझ्याशी बोलणं टाकलंय. माझी चूक म्हणावी तर कसली? पाणी आणलं ना आम्ही.

दोन प्लॉट मात्र गेले.

२६ सप्टेंबर

आजचं सगळं लिहून ठेवतो.

चार दिवसांपूर्वी बोरगव्हाणचे सरपंच कारभारी यांचा फोन आला. मोठा दिलदार, ढेरी सांभाळत हसणारा माणूस. म्हणाले, "सर, आमच्या तळ्याचं जलपूजन हाय. तुम्हीच प्रमुख पाहुणे." मला वाटलं, चला, तालुक्यात आपलं नाव झालं. सफारी घातला. आशाला म्हणलं, बघ, शेजारचं गाव मान देतं.

बँड होता. बोरगव्हाणचं तळं खरंच तुडुंब. सांडव्यावरून पाणी पडतंय, पोरं उड्या मारतायत, बायका ओटी भरतायत, केरबाची मेंढरं काठावर चरतायत. मला शाल घातली, फेटा बांधला, नारळ हातात दिला. मग कारभारींनी माइक घेतला.

"आमच्या बापजाद्यांनी म्हसोबाला बोकडं कापली, बारा गावची देवं पाण्यात घातली, पण हे तळं कधी भरलं नाय. औंदा भरलं. ते कशानं भरलं? देवानं नाय भरलं. हे बसलेत ना आप्पासाहेब सर, ह्यांनी खिंडीतनं चर काढला! अख्ख्या माळाचं पाणी आमच्याकडं वळवलं! स्वतःच्या गावाचं पाणी दुसऱ्या गावाला देणारा असा दानशूर माणूस आख्ख्या जिल्ह्यात दाखवा!"

टाळ्या. बँड.

मी नारळ धरून उभा. समोर ते सगळं पाणी. पाणलोट क्षेत्र म्हणजे काय: ज्या भूभागावर पडलेलं पावसाचं पाणी वाहत येऊन एका ठिकाणी जमा होतं, त्यास त्या ठिकाणाचं पाणलोट क्षेत्र म्हणतात. दोन गुण. बत्तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं. जो पोरगा लिहीत नसे त्याला बाकावर उभा केला. आणि स्वतः कमरेएवढा चर खणून आमच्या तलावाचा माळ उचलला आणि दुसऱ्याच्या तळ्याला नेऊन दिला. पाणसळ लावून!

कारभारी कानात म्हणाले, "सर, पुढच्या साली चर जरा रुंद करा. जेसीबी आम्ही देतो." मला ठसका लागला. प्यायला पाणी दिलं. तेसुद्धा तळ्याचंच असावं.

२७ सप्टेंबर

बद्रीला म्हणलं, चर बुजवायचा. तो हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला.

"दाजी, चर बुजवला की प्लॉटात पाणी. लोकांच्या घरांचे पाये खणायला घेतलेत. बाईची चप्पल आठवा."

"आक्काची बाग जळतीये, बद्री."

"जळतीये तर टँकर लावा की आक्काला! एका म्हातारीच्या चार झाडांपायी माझा धंदा बुडवता? ह्यापायी मी कोंबड्या सोडल्या!"

चार झाडं नाहीत, असं मी म्हणालो. तेवढंच म्हणालो. त्यानं मग दिवाळीनंतर बघू असं सुचवलं आणि मी हो म्हणालो. हे मी नीट लिहून ठेवतो, कारण उद्या मी स्वतःला वेगळं सांगायला मागंपुढं बघणार नाही. मी हो म्हणालो.

११ ऑक्टोबर

फेट्यातला माझा फोटो गावच्या ग्रुपवर आला. खाली कुणीतरी लिहिलंय, 'आपलं पाणी, त्यांचा फेटा.' आक्काकडं तिच्या पोरानं घेऊन दिलेला फोन आहे. तिनं बघितला असणार. फोन आला नाही. आधी रोज यायचा, "आप्पा, जेवला का?" एवढंच विचारायला.

फोन वाजला की मी उडतो. आज तीनदा वाजला. दोनदा बद्री आणि एकदा कर्ज देऊ का म्हणणारी मुलगी. तिच्याशी मी बराच वेळ बोललो.

२४ ऑक्टोबर, दसरा

काही केलं नाही. शाल कपाटात आहे, उघडलं की दिसते. आशानं विचारलं, आक्काकडं सोनं द्यायला जायचं ना? म्हणलं, गुडघा दुखतोय. ती म्हणाली, "गुडघा नाही हो, दुसरंच काहीतरी दुखतंय तुमचं."

आशा पुन्हा बोलायला लागली, हे एक चांगलं झालं.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

भाऊबीज चुकवता येत नाही. मेलेल्या माणसानंसुद्धा भाऊबीजेला यावं अशी आमच्याकडची समजूत. गेलो. आशानं साडी दिली होती, ती पिशवीत. रस्ताभर बोलायची वाक्यं जुळवत होतो.

आक्कानं काही विचारलं नाही. "आलास? बस," म्हणाली. आमच्याकडं भाऊबीजेला बहीण भावाला उटणं लावून अंघोळ घालते. साठीला आलो तरी आक्का घालते, मीही पोरासारखा बसतो. दरवर्षी अंगणात न्हाणीच्या दगडावर, चुलीवरच्या हंड्यातल्या कढत पाण्यानं. यंदा तिनं पाट उचलला आणि बागेत चालायला लागली. दारात टँकरच्या पाण्याचा ड्रम होता, त्यातून दोन बादल्या भरल्या. एक तिनं घेतली, एक मला दिली.

पाट तिनं पहिल्या ओळीतल्या झाडाच्या बुंध्याशी ठेवला. निम्मी पानं गळालेली. मी चड्डीवर बसलो. थंडी अशी की दात वाजत होते. उटणं चोळलं, पाठ, मान, लहानपणी चोळायची तशीच, जोर लावून. मग तांब्या ओतला. गार! बर्फ!

"आक्का, गं! गरम नाही का केलं?"

"मुळं भाजतील," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग खाली बघितलं. माझ्या अंगावरून आलेलं पाणी आळ्यात उतरत होतं आणि माती पीत होती, एवढ्या भराभर की आवाज येत होता. आक्का दुसरा तांब्या ओतत म्हणाली, "जरा उजवीकडं सरक. तिकडच्या मुळाला जाऊ दे."

सरकलो. बादली संपली. मी टॉवेलाला हात घातला तर म्हणाली, "ऊठ. त्या झाडाखाली बस."

"आक्का, झाली अंघोळ माझी."

"तुझी झाली. तिची व्हायचीय."

पाट मी उचलला. दुसऱ्या झाडाखाली बसलो. मग तिसऱ्या. ड्रममधून बादल्या आता मीच आणत होतो, ओल्या चड्डीवर, अख्खं गाव बांधावरून जाताना बघत होतं. एक जण म्हणाला, "मास्तर, किती पाप केलंय एवढं धुवायला?" आक्कानं त्याला एक सणसणीत शिवी दिली. भावाला फक्त तिनं बोलायचं, दुसऱ्यानं नाही. त्या शिवीनं माझा बांध फुटला. तांब्याखाली बसून रडलो. बरं असतं, पाण्यात कळत नाही. तिला कळलं.

"आक्का, ते सगळं मीच केलं. चर मीच काढला. तलावाचं पाणी मीच नेलं."

"ठावं हाय मला. फेटा बरा दिसत व्हता."

"मी उद्या बुजवतो. उद्याच. बद्री काय म्हणेल ते म्हणू दे, प्लॉटात चिखल होऊ दे, लोक बयाणा मागू देत. शपथ घेतो."

तिनं तांब्या बाजूला ठेवला. पदरानं माझं डोकं पुसलं, कान पुसले, कानामागचं उटणं नखानं काढलं.

"बुजव. पर पाऊस गेला ना आता, आप्पा. चर बुजवून पाणी यायचं ते पुढल्या साली. ह्या पोरींनी तवर काय करायचं?"

तिनं वर बघितलं, झाडाकडं, मग माझ्याकडं. हसली की काय, नीट कळलं नाही.

"तवर अंघोळीला हिकडं येत जा."

१७ नोव्हेंबर

चर बुजवला. जेसीबीवाला तोच. म्हणाला, "सर, सत्कार झालेला चर बुजवायचा? तुम्ही काय खूळ लागलेलं माणूस." रस्त्याखाली जिथं ओढा होता तिथं मोकळी मोरी ठेवली, ओढ्याचा रस्ता ओढ्याला परत. बद्री आला, आडवा झोपला जेसीबीपुढं. आशानं त्याला फोन केला. काय बोलली माहीत नाही, पण तो उठला, कपडे झटकले आणि गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "दाजी, तुम्ही धंद्याची माणसं नाय." पहिल्यांदाच खरं बोलला. तीन बयाणेवाल्यांचे फोन येऊन गेले, उरलेल्यांचे येतील. कारभारींचाही आला. चांगली दहा मिनिटं बोलले, त्यातलं इथं लिहिण्यासारखं एवढंच, की शाल परत पाठवा.

संध्याकाळी आशा कामाला लागली. गारखेड्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तरी तिनं तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, फिल्टरचं वाया गेलेलं असं सगळं पाणी कॅनांत भरून गाडीत चढवलं. टँकर वेगळा सांगितलाय. पहाटे निघायचं. आक्का म्हणाली, उद्या दुसरी ओळ. निघताना आशानं टॉवेल दिला, कोरडी चड्डी दिली आणि साबण पुढं केला. म्हणलं, साबण नको. झाडांना चालत नाही.